थोरल्याने आधी विचारावे

(अजिंठा येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



स्मृतिव्याख्यानात गोड बोलून मोकळं व्हायची सोय असते. संयोजकांनी विषय निवडायची मुभा दिली आणि मी जरा अडचणीचा विषय घेतला. पाणी, माती, जंगल यांचं काम करणाऱ्या आपल्याकडच्या संस्थांचे जे प्रमुख असतात, त्यांचं कुठे चुकतंय हे त्यांना कोण सांगतं? आणि संस्था चालवायची कशी, माणसं सांभाळायची कशी, हे त्यांना शिकवतं कोण? आज समोर अशा संस्थांचे काही प्रमुख बसले आहेत आणि त्यांचे कार्यकर्तेही बसले आहेत. पुढचा तासभर दोघांनी एकमेकांकडे पाहू नये, एवढी विनंती. आणि हो, अशा शिकवण्याला हल्ली कोचिंग म्हणतात; पण मराठवाड्यात कोचिंग म्हटलं की लातूरचे शिकवणी वर्ग आठवतात. ते कोचिंग आज नाही.

सुरुवात घाटाखालच्या लेण्यांपासून करतो. 1920 साली निजाम सरकारनं अजिंठ्याची चित्रं वाचवण्यासाठी इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी यांना बोलावलं. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख तेव्हा गुलाम याझदानी होते. भिंतीवरून सुटत चाललेला गिलावा त्या दोघा इटालियनांनी पुन्हा धरून ठेवला, आणि तेवढ्यासाठी आपण त्यांचे ऋणीच आहोत. पण त्याबरोबर त्यांनी चित्रांवर लाखेचं रोगणही दिलं. रोगण नवं असतं तेव्हा रंग उजळतात. ज्यांनी पैसे दिले आणि ज्यांनी काम केलं, त्या दोघांनाही चित्रं उजळलेलीच दिसली. पुढे ते रोगण पिवळं पडलं, काळवंडलं, धूळ धरून बसलं, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना ते थर काढण्यात कित्येक वर्षं घालवावी लागली. तोवर चेक्कोनी केव्हाच इटलीला परतले होते.

चेक्कोनी कसबी माणूस होता. हेतू स्वच्छ होता, पैसा होता, राजाश्रय होता. उणीव एकाच गोष्टीची होती: कामाचं उत्तर उशिरा येणार होतं, आणि ते करणाऱ्यापर्यंत पोचणारच नव्हतं.

पर्यावरणाच्या कामाची जातकुळी नेमकी हीच आहे. स्वयंपाक बिघडला तर पहिल्या घासाला कळतं. इथे तसं नाही. रोप लावलं त्या दिवशी फोटो निघतो. ते जगलं की नाही हे तिसऱ्या उन्हाळ्यानंतर कळतं. राज्य शासनानं 2017, 2018 आणि 2019 या तीन पावसाळ्यांत अनुक्रमे 4, 13 आणि 33 कोटी, म्हणजे एकूण 50 कोटी झाडं लावण्याचं लक्ष्य ठेवलं. लावलेल्या झाडांचे आकडे लगेच जाहीर झाले. जगलेल्या झाडांचा वाद पुढे विधिमंडळात गेला. जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर 2014 मध्ये सुरू झालं. त्यावरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल आला 2020 मध्ये, साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्च होऊन गेल्यावर आणि अभियान थांबल्यावर. भूजलाची पातळी वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम झाला नाही, असं त्या अहवालाचं म्हणणं. ते म्हणणं बरोबर की चूक यावर भांडता येईल, पण ते ऐकून काही बदलायची वेळ उरली नव्हती. शेततळ्यांचं तर उलटंच झालं. पावसाचं पाणी साठवायला म्हणून आलेली तळी प्लास्टिकचा कागद अंथरून बोअरच्या पाण्यानं भरली जाऊ लागली. जमिनीच्या पोटात सुरक्षित असलेलं पाणी वर आणून उन्हात ठेवायचं, आणि तेही अवर्षणाच्या तालुक्यांत!

आपल्याच वाघूर नदीचं पाहा. लेण्यांच्या वरच्या अंगाला, लेणापूरच्या माथ्यावर कुणी चर खणले किंवा झाडं तोडली, तर त्याचा हिशेब वाघूर खाली जळगाव जिल्ह्यातल्या वाघूर धरणापर्यंत घेऊन जाते. धरणात गाळ किती साचला हे कळेपर्यंत माथ्यावरचा प्रकल्प समन्वयक तिसऱ्या नोकरीत गेलेला असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. जमीन उशिरा बोलते, म्हणून माणसांना लवकर बोलू द्यावं लागतं. तिसऱ्या उन्हाळ्यात जे दिसणार असतं ते पहिल्याच पावसाळ्यात कुणाला तरी दिसलेलं असतं. बांधाच्या सांडव्याखाली माती खचतेय हे त्या शेताच्या मालकाला दिसतं. रोपांचे खड्डे मुरमात घेतलेत, ती जगणार नाहीत, हे खड्डे खणणाऱ्या मजुराला खणतानाच कळतं. समन्वयकाला कळतं, पर्यवेक्षकाला कळतं. फक्त संस्थेच्या प्रमुखाला कळत नाही, कारण त्याला कुणी सांगत नाही.

का सांगत नाही? कार्यकर्त्याची नेमणूक 11 महिन्यांची असते आणि ती पुढे वाढवायची की नाही हे प्रमुखाच्या हातात असतं, हे एक कारण झालं. पण माझ्या मते ते मोठं कारण नाही. आपल्याकडे संस्थेच्या प्रमुखाला कुणी साहेब म्हणत नाही. तो भाऊ असतो, अण्णा असतो, काका असतो, ती ताई असते. त्यानं बँकेची किंवा प्राध्यापकाची नोकरी सोडलेली असते, बायकोच्या पगारावर पहिली दहा वर्षं काढलेली असतात, मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेली असतात. ज्यानं आयुष्य दिलं त्याला तेवीस वर्षांच्या पोरानं काय म्हणून सांगावं, की अण्णा, तुमचा हा बांध चुकीच्या जागी आहे? त्यागापुढे माणसं गप्प होतात. प्रमुखानं ती गप्प बसावीत असं कधी म्हटलेलं नसतं. बहुतेकांना ती गप्प आहेत याचा पत्ताही नसतो. त्यांना वाटतं, आपल्या संस्थेत सगळे मोकळेपणानं बोलतात.

सरपंचाला पाच वर्षांनी का होईना, मतपेटी उत्तर देते. दुकानदाराला गिऱ्हाईक उत्तर देतं. संस्थेच्या प्रमुखाला ना निवडणूक, ना गिऱ्हाईक. विश्वस्त मंडळात मेहुणा असतो, कॉलेजातला मित्र असतो, एखादे निवृत्त अधिकारी असतात. वर्षातून एकदोनदा बैठक होते, बैठकीला जेवण चांगलं असतं, आणि इतिवृत्तावर सह्या फिरतात. गावातले लोक सांगतील म्हणावं, तर त्यांची मजुरी प्रकल्पातूनच निघालेली असते. संस्थांच्या मूल्यमापनाला जाणारा माणूस म्हणून हे दृश्य मी वर्षानुवर्षं पाहत आलोय: समाजमंदिरात सतरंजी, समोर प्रमुख आणि पाहुणे, प्रमुखच विचारतात, "सांगा, काही अडचण आहे का?" आणि लोक एकसुरात म्हणतात, "काही नाही अण्णा, सगळं चांगलं चाललंय." मग शिवारफेरी निघते. प्रमुख पुढे, पाहुणे त्यांच्या मागे, आणि अगदी शेवटी रेंगाळत चालणारी एखादी बाई मला सांगते की चराईबंदी झाल्यापासून तिनं शेळ्या विकल्या.

या चराईबंदीपाशी थोडं थांबतो. माथ्यावर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ही पाणलोटाच्या कामाची जुनी अट आहे, आणि तांत्रिकदृष्ट्या ती बरोबर आहे. गवत वाढलं तरच माती थांबते. पण पाणी वाढतं ते खालच्या शिवारात, ज्याची विहीर आहे त्याच्या विहिरीत. शेळ्या असतात भूमिहीनाच्या. म्हणजे त्याग एकाचा आणि पाणी दुसऱ्याचं. महाराष्ट्रातल्या कितीतरी पाणलोटांत हे घडलंय आणि अभ्यासकांनी त्यावर लिहिलंयही. तरी नव्या गावात तीच बंदी त्याच पद्धतीनं लागते, कारण शेळ्यावाली ज्या रांगेत चालते ती रांग प्रमुखापासून लांब असते. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी 1974 साली पाणी पंचायतीचं काम सुरू केलं, तेव्हा पाणी जमिनीच्या प्रमाणात न वाटता घरातल्या माणसांच्या प्रमाणात वाटायचं ठरलं. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क, आणि उसाला पाणी नाही. हा नियम गावातल्या बड्या शेतकऱ्याला गोड वाटण्यासारखा नव्हता. शेवटच्या रांगेतल्या माणसाला पहिल्या रांगेत आणून बसवल्याशिवाय असा नियम सुचत नाही.

आता कुणी म्हणेल, मूल्यमापनं होतात की. होतात. कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात, आणि ज्यांची ही रक्कम 10 कोटी किंवा अधिक आहे त्यांना 2021 पासून 1 कोटी किंवा त्यापुढच्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापन त्रयस्थाकडून करून घ्यावं लागतं. धर्मादाय आयुक्तांना लेखापरीक्षित हिशेब जातो तो वेगळाच. पण हे सगळे कागद वर जातात. त्यांत किती हेक्टर, किती घनमीटर, किती लाभार्थी हे असतं. प्रमुखानं मागच्या वर्षात बैठकीत किती वेळा कुणाला तोडून टाकलं, हे त्यात नसतं. शिवाय अहवाल वाईट निघाला तर पुढचा हप्ता अडतो, म्हणून तो लिहिणारा, लिहवून घेणारा आणि वाचणारा, तिघंही जपून असतात. हे मी माझ्याच धंद्याविषयी बोलतोय. प्रमुखाच्या शिकण्यावर पैसे खर्च करायचे म्हटले तर तेही प्रशासकीय खर्चात पडतात, आणि परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 च्या दुरुस्तीनं ती मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली. बांधाला पैसे मिळतात. बांध कुठे घालायचा हे ठरवणाऱ्या माणसाच्या डोक्याला मिळत नाहीत.

आणि शाल-श्रीफळाचं काय करायचं? प्रमुखाचे सत्कार होतात, पुरस्कार मिळतात, वर्तमानपत्रात अर्धं पान येतं. त्यातून त्याला आपण मोठे आहोत हे कळतं. आपण नेमकं काय बरोबर केलं हे कळत नाही. दोष सांगणारं जसं कुणी नसतं, तसं गुण नेमका दाखवणारंही कुणी नसतं. हे लोक फार एकटे असतात हो. वाळूवाल्यांच्या धमक्या, तीन महिने थकलेले पगार, सोडून गेलेला उजवा हात. यातलं काहीही ते विश्वस्तांना सांगत नाहीत, कार्यकर्त्यांना सांगत नाहीत, घरी तर नाहीच नाही.

मग करायचं काय? यावर व्यवस्थापनाच्या पुस्तकांत पुष्कळ काही आहे, पण आपण अजिंठ्यात बसलोय आणि इथे त्याहून जुनी व्यवस्था होती.

लेणी ही पावसाळ्यात भिक्षूंनी एका जागी राहावं म्हणून कोरलेली. बाराव्या लेण्यात गेलात तर मध्ये चौकोनी मंडप आहे, भोवती 12 खोल्या, आणि खोलीत निजायला दोन दगडी ओटे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत तीन महिन्यांचा वर्षावास, बाहेर कोसळणारा पाऊस, आणि शेजारच्या ओट्यावर तोच माणूस. काय होत असेल हे एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना सांगायला नको. भिक्षूंच्या नियमांचा ग्रंथ असलेल्या विनयपिटकातल्या महावग्गात याची एक हकिगत आहे. कोसल देशातल्या काही भिक्षूंनी भांडण टाळायला युक्ती काढली: वर्षावासभर एकमेकांशी बोलायचंच नाही. सगळं खुणांवर. वर्षावास संपल्यावर ते मोठ्या समाधानानं बुद्धांकडे गेले आणि आम्ही गुण्यागोविंदानं राहिलो म्हणून सांगू लागले. बुद्धांनी त्यांची चांगलीच कानउघाडणी केली. मुक्या जनावरांसारखं राहणं हे काही सुखानं राहणं नव्हे, असा त्याचा मथितार्थ. आणि मग प्रवारणेचा नियम आला.

वर्षावासाच्या अखेरीस संघ एकत्र बसतो. एकेक भिक्षू उकिडवा बसून, हात जोडून संघाला विनंती करतो: माझ्या हातून काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, किंवा तशी शंका तुम्हाला आली असेल, तर दया करून मला सांगा, मला पटलं तर मी सुधारणा करीन. हे तीनदा म्हणायचं. आणि आरंभ करायचा तो संघातल्या सर्वांत ज्येष्ठ भिक्षूनं. संयुक्त निकायात तर श्रावस्तीला खुद्द बुद्धच पाचशे भिक्षूंपुढे विचारतात, की माझ्या वागण्याबोलण्यात तुम्हाला काही दूषण दिसतं का? त्यांचा शिष्य सारिपुत्त उठून नाही म्हणतो, आणि लगेच स्वतःविषयी विचारतो.

या रिवाजातल्या काही गोष्टी मला फार शहाणपणाच्या वाटतात. तो वर्षातून ठरलेल्या दिवशी होतो, त्यामुळे बोलणाऱ्याला धाडस गोळा करून वेळ शोधावी लागत नाही. विचारणारा खाली बसतो. पाहिलेल्या-ऐकलेल्याच्या जोडीला नुसत्या शंकेलाही जागा आहे. पुरावा आण मग बोल, असं कुणी कनिष्ठाला म्हणू शकत नाही. पण तोंडाला येईल ते बोलायचीही मोकळीक नाही. उपाली या भिक्षूनं विचारल्यावर बुद्धांनी दोष दाखवणाऱ्यासाठी पाच गोष्टी सांगितल्यात: योग्य वेळी बोलावं, खरं बोलावं, सौम्यपणे बोलावं, समोरच्याच्या हिताचं बोलावं, आणि मनात मैत्री ठेवून बोलावं. ऐकणाऱ्यासाठी दोनच: त्यानं सत्य धरून राहावं आणि रागावू नये. दोनच आहेत म्हणून त्या सोप्या आहेत असं नाही. दुसरी तर आमच्या संस्थाप्रमुखांपैकी निम्म्यांना जमणार नाही. ते रागावत नाहीत, दुखावतात. दुखावलेला अण्णा रागावलेल्या अण्णापेक्षा वाईट, कारण त्यानंतर वर्षभर कुणी तोंड उघडत नाही.

याच डोंगरकड्यात कितीतरी आश्विनी पौर्णिमा अशा गेल्या असतील. आजही आपल्याकडे वर्षावासात विहारांमधून डॉ. आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चालतं. तेव्हा मी काही परका रिवाज सुचवत नाही.

वर्षातून एक दिवस पुरेल का? पुरणार नाही. दोष कळणं आणि तो सुधारणं यात अंतर असतं, आणि ते चालायला सोबत लागते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाला ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेमुळे सगळे ओळखतात. गावातलेच देवाजी तोफा यांचं नाव त्या घोषणेशी जोडलेलं आहे. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. सुमारे 1,800 हेक्टर जंगल. पण तिथली मला भावलेली गोष्ट म्हणजे अभ्यासगट. ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल तिथे वर्षानुवर्षं होते, आणि त्यांनी नेता व्हायचं कटाक्षानं नाकारलं. अभ्यासगटात ज्याला रस असेल त्यानं बसायचं, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, प्रश्न उलगडायचा. निर्णय मात्र तिथे घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीनं. एकाचाही विरोध असेल तर थांबायचं. शिकण्याची जागा आणि सत्तेची जागा त्यांनी वेगळी ठेवली. आपल्या संस्थांमध्ये ज्या बैठकीत चुकांची चर्चा व्हायची त्याच बैठकीत पगारवाढ ठरते. मग चुका कोण बोलणार?

मोहनभाऊंसारखा माणूस हा गावाचा कोच होता, असं आजच्या भाषेत म्हणता येईल. तो काय करत असेल? त्याचं उत्तर मला एका डॉक्टरच्या लेखात सापडलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे आत्माराम गावंडे हे अमेरिकेत स्थायिक झालेले डॉक्टर. त्यांचे चिरंजीव अतुल गावंडे बोस्टनचे नामवंत सर्जन. आठ वर्षं शस्त्रक्रिया केल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपली सुधारणा थांबली आहे. त्यांनी आपले जुने शिक्षक, निवृत्त सर्जन रॉबर्ट ऑस्टीन यांना विनंती केली की तुम्ही नुसतं उभं राहून माझी शस्त्रक्रिया पाहा. ऑस्टीन एका बाजूला उभे राहिले, हाताला काही लावलं नाही, वहीत लिहीत राहिले. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. तरी त्यांच्या टिपणात बरंच काही होतं. कोपर खांद्याच्या उंचीपर्यंत वर जातो, तेव्हा हातावरचा ताबा कमी होतो. दिवा जखमेवरून सरकला होता आणि ते बराच वेळ कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. 2011 साली गावंड्यांनी यावर ‘न्यू यॉर्कर’मध्ये लेख लिहिला. गंमत अशी, की त्यांच्या एका रुग्ण बाईला हे ऐकून काही दिलासा वाटला नाही. इतक्या मोठ्या डॉक्टरला शिकवायला माणूस लागतो म्हणजे काय?

तीच भीती संस्थाप्रमुखाला असते. लोक काय म्हणतील? म्हणून सांगतो, हे काम बिघडलेल्या संस्थेसाठी नाही. बरी चाललेली संस्था असेल तर आधी करावं.

अशा सोबत्यानं प्रमुखाबरोबर एका ग्रामसभेला जावं आणि मागे बसावं. कोण कुठे बसलं, पहिल्यांदा कोण बोललं, प्रमुख किती मिनिटं बोलला आणि गाव किती मिनिटं, बायका कुठल्या वेळी उठून गेल्या, पर्यवेक्षकाचं वाक्य अर्धवट कुणी तोडलं, प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट पाहिली की उत्तरही स्वतःच दिलं, एवढं टिपावं. परत येताना गाडीत, ड्रायव्हर नसताना, ते वाचून दाखवावं. मग विचारावं, पुढच्या महिन्यात यातलं काय बदलायचं? एकच. महिन्यानं पुन्हा यावं. याला मोठी विद्वत्ता लागत नाही, पण चिकाटी लागते, आणि समोरच्याविषयी मनापासून आस्था लागते. चर कसे आखायचे, पाण्याचं गणित कसं करायचं, हे शिकवायला आपल्या जिल्ह्यात 1980 पासून वाल्मीसारखी संस्था आहे. ऐकायचं कसं हे शिकवायला एखादी निवृत्त मुख्याध्यापिका पुरेल, किंवा शेजारच्या जिल्ह्यातल्या संस्थेचा प्रमुख; त्यानं तुमच्याकडे यावं, तुम्ही त्याच्याकडे जावं, खर्च एसटीच्या तिकिटाचा. फक्त तो देणगीदार नसावा, विश्वस्त नसावा आणि नातेवाईक तर मुळीच नसावा.

काही धोके सांगून टाकतो. तक्रारपेटी ठेवू नका. बारा माणसांच्या संस्थेत अक्षर ओळखू येतं, आणि गूगल फॉर्म भरला तरी भाषा ओळखू येते. मग वर्षभर प्रमुख ‘हे कुणी लिहिलं’ याचा तपास करत बसतो. दुसरं, प्रमुख बाई असेल तर लोक तिला कामाबद्दल सांगतच नाहीत. ताई, बोलणं जरा मऊ ठेवा, एवढंच सांगतात. तोच स्वर पुरुषाच्या तोंडी आला तर त्याला करारीपणा म्हणतात. असला अभिप्राय सोबत्यानं तिथल्या तिथे बाजूला काढावा. तिसरं, विश्वस्तांत दोन गट असतील तर हे सगळं थांबवा. आधी भांडण मिटवा. नाहीतर मैत्रीनं सांगितलेली गोष्ट उद्या धर्मादाय आयुक्तांकडच्या अर्जात सापडेल.

आणि प्रमुखानं ऐकून काही बदललं, तर ते बदलल्याचं सांगावं. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांनी सुरुवातीला सिकलसेल या आजाराचा अभ्यास केला. संशोधन म्हणून तो महत्त्वाचा होता, पण हा तुमचा प्रश्न आहे, आमचा नव्हे, असं लोकांच्या बोलण्यातून त्यांना कळलं. ही हकिगत त्यांनी स्वतःच पुढे जाहीरपणे सांगितली आणि त्यानंतर लोकांना विचारून काम ठरवण्याची रीत घातली. आरोग्याचं क्षेत्र वेगळं आहे, पण एवढ्या मोठ्या माणसानं असं उघड सांगितल्यावर त्याच्या संस्थेतल्या पोरांची भीड चेपते.

शेवटी वेळेबद्दल. प्रवारणेची आश्विनी पौर्णिमा म्हणजे आपली कोजागरी. पाऊस संपलेला, विहिरी भरलेल्या असतील तेवढ्या भरलेल्या, रब्बीची पेरणी तोंडावर. हिवरे बाजारात पावसाळा सरला की पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून गावच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि रब्बीला काय पेरायचं ते त्यावरून ठरवतात. पोपटराव पवारांच्या गावाची ही शिस्त अनेक संस्थांनी उचलली आहे, चांगलंच आहे. त्याच रात्री दुसरा ताळेबंदही मांडता येईल. आधी पाण्याचा, मग माणसांचा. पहिल्यांदा प्रमुखानं विचारावं, आणि विचारून झाल्यावर गप्प राहावं, खुलासा करू नये. ड्रायव्हरपासून लेखापालापर्यंत सगळ्यांनी बोलावं. ठरेल ते वहीत लिहावं आणि पुढच्या कोजागरीला आधी मागच्या वर्षीचं पान वाचावं.

अजिंठा, सोयगाव, सिल्लोड, कन्नड या पट्ट्यात काम करणाऱ्या संस्थांपैकी निदान एकीनं येत्या कोजागरीला हे करून पाहावं, असं माझं आपल्याला आवाहन आहे. दूध आटवायला ठेवाल तेव्हा माझ्यासारख्या वक्त्याला बोलावू नका. ज्या बाईनं शेळ्या विकल्या तिला निरोप धाडा, आणि ती आली की तिला पुढे बसवा.